मीनावहिनीचं पिकअप

मी जळकी बाई हाय, हे आधीच सांगून टाकते. मागून कोणी म्हणायला नको की सुरेखानं लपवलं. शेजारणीच्या घरी नवा मिक्सर आला तरी माझ्या पोटात दुखतं, आन् ही तर माझ्या नवऱ्याची गोष्ट. सासू म्हणते, तुझ्या जळण्यावर चार भाकरी भाजून निघतील. सासूचं नाव सोनूबाई, आन् हाती कथलाचा वाळा. तिला काय कळतंय त्यातलं. तिचा नवरा जलमभर तिच्याच मागं मागं फिरला.

माझ्या नवऱ्याचं नाव कल्याण. एरवी मी नाव घेत न्हाई, नुसतं 'हे' म्हणते, पण तुमचा घोटाळा नको म्हणून एकदा घेतलं. जाफराबादच्या शिवारात आमची कपाशी-सोयाबीनची चार एकर जमीन हाय. घरात माझी पायाची शिलाई मशीन. ब्लाऊज, फॉल, पिको सगळं करते. आन् तिसरा ह्यांचा ऑर्केस्ट्रा. भुजंगरावांची गुलमोहर पार्टी म्हणलं की भोकरदनपासून अंबडपर्यंत लोक ओळखतात. हळद असो, जागरण असो, जयंती असो, गणपती असो, सुपारी आली की पार्टी निघाली. त्या पार्टीत हे बेस वाजवतात.

बेस म्हणजे गिटारच, पण लांब मानेची आन् चार जाड तारांची. लोक गाणाऱ्या बाईकडं बघतात, ढोलकीवाल्यावर नोटा उडवतात, आन् बेसवाला मागं स्पीकरच्या आडोशाला उभा. त्याचा आवाज कानात कमी आन् छातीत जास्त जातो म्हणे. म्हणे कामून म्हणते, तर मला तो कधी ऐकूच आला न्हाई. नवी नवरी व्हते तव्हा गावच्या गणपतीत लांबून ऐकून एकदा विचारलं व्हतं, की एवढ्या सगळ्या गोंगाटात तुमचं कोणतं? तर म्हणले, "तुला न्हाई कळायचं." आन् बैलाला वैरण टाकायला निघून गेले.

माणूस वाईट न्हाई. दारू न्हाई, पत्ते न्हाई, तोंडातून कधी शिवी न्हाई. पण बोलणंच न्हाई. दिवसभरात माझ्याशी जेवढं बोलतात तेवढं तर एसटीचा कंडक्टर बोलतो. आन् त्या बेसशी मात्र तासन् तास. फडक्यानं पुसायचं, तारा ढिल्या करायच्या, मान सरळ हाय का ते एक डोळा मिटून बघायचं. मी नवी साडी नेसून समोर उभी राह्यले तर दोन्ही डोळे उघडे असून दिसत न्हाई.

तर तो बेस जपानी हाय, आमच्या लग्नाच्या लई आधीचा. भुजंगरावांनी चलतीच्या काळात मुंबईहून एकसारखे दोन बेस आणले व्हते, एक राजानंदसाठी आन् एक ह्यांच्यासाठी. राजानंद म्हणजे ह्यांचा गुरू. त्यानंच ह्यांना वाजवायला शिकवलं. आन् राजानंदची बायको मीना, ती त्याच पार्टीत गायची. आमच्या कपाटात एक जुना फोटो हाय. मीना मधी, झगमगीत साडी, केसात अबोली, हातात माईक. एका बाजूला राजानंद आन् दुसऱ्या बाजूला आमचे हे, मिसरूड फुटलेले, आन् दात दिसतील असे हसून राह्यले. माझ्यासंगं काढलेल्या एकाबी फोटोत ह्यांचे दात दिसत न्हाईत. लग्नाच्या फोटोत तर जसं काही तलाठ्यापुढं उभं केलंय.

औंदा दिवाळीनंतर एका हळदीच्या कार्यक्रमात बेसचा आवाज अर्धा गेला. घरी आणून ह्यांनी उघडला. तारांच्या खाली दोन काळ्या पट्ट्या असतात, एक मानेकडं आन् एक बुडाकडं. त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आन् त्याच्याभवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वर बेसची तार हालली की ते आवाज पकडतं आन् आवाज मोठा करणाऱ्या मशीनला देतं. तर मानेकडचं पिकअप मेलं व्हतं. एका पिकअपवर वाजतो, पण हे म्हणले, एका पायावर उभं राह्यल्यासारखं वाजतंय.

मंग शोध सुरू झाला. जालन्याच्या वाद्याच्या दुकानात नवी चिनी पिकअपं मिळतात, पण जुन्या जपान्याच्या खाचेत ती बसंनात. कोणतं लांब, कोणतं आखूड, कोणाच्या स्क्रूची भोकं भलतीकडं. संभाजीनगरला गेले, तिथं म्हणले, दादा, हे मॉडेल आता देवाघरी गेलं. मुंबईला फोन, कोलकात्याला फोन. गावच्या ग्रुपवर पिकअप पाहिजे म्हणून टाकलं तर तिघांनी मालाची गाडी दाखवली. पुण्याहून एक पार्सल आलं, ते सहा तारांच्या गिटारीचं निघालं. चारातल्या दोन तारा वाजायच्या आन् दोन मुक्या. राजूरच्या एका बँजोवाल्यानं त्याच्याकडचं दिलं, ते लावलं तर बेस मांजरावानी चिरकला. हे जेवंनात, कापूस वेचायला माणसं लावायची इसरले. सासू मला म्हणली, तुझ्या बाळंतपणात सुदा इतका घोर न्हाई लावून घेतला गं यानं. खरं बोलली म्हातारी, आन् खरं बोलली म्हणूनच मला राग आला.

मंग एक दिवस ह्यांना आठवण झाली की दुसरा बेस हाय की. राजानंद तीन वर्षांखाली वारला, पण त्याचा बेस मीनाकडं असंल. फोन लावला. मी ओट्यावर काजं करत बसलेली, कान तिकडंच. आधी विचारपूस झाली, तब्येत झाली, मंग बोलणं सुरू झालं ते थांबंना. पहिल्या तारेचा आवाज असा, तिसरी अशी घुमायची, राजानंद अंगठ्यानं कसा दाबायचा. हे बोलून राह्यले आन् मधी हासून राह्यले. मोठ्यानं. आमचे हे. काजाची सुई माझ्या बोटात गेली.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, कोण व्हतं? म्हणले, मीनावहिनी. वहिनी म्हणलं की झालं, वरून पांघरूण घातल्यासारखं. आता तुम्ही म्हणाल, सुरेखा, गुरूची बायको ती, माईच्या जागी. मलाबी म्हाईत हाय. मला काही त्या दोघांत भलतंसलतं दिसत नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, दाराशी उभी राहून तिच्या नावानं गल्ली गोळा केली असती. पण हे वेगळंच. त्या दोघांजवळ एक गोष्ट व्हती, जिच्यात मला जागाच नव्हती. तिला कळायचं, मला न्हाई कळायचं. वीस वर्षं संसार करून माझ्याजवळ ह्यांच्यासंगं अशी एकबी गोष्ट नव्हती जी फक्त आमची दोघांची. लेकरं तर सगळ्यांनाच असतात.

मीना म्हणली व्हती, बेसची मान वाकून गेली, तो काही आता वाजायचा न्हाई, पिकअप घेऊन जा. हे दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं जालन्याला गेले. दाढी करून गेले. लग्नाला जातानाबी करत न्हाईत अशी दाढी. दिवस मावळायला आले, तव्हा शर्टाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं पिकअप काढलं. रुमाल बाईमाणसाचा, कोपऱ्यात गुलाबी फूल काढलेलं. टाकाबी बरा नव्हता, उलटून बघितला मी.

ह्यांनी सांगितलं, की अंगारकीला राजूरला पार्टीचा कार्यक्रम हाय, तिथं मीनावहिनी येणार हाय, राजानंदचं पिकअप वाजताना ऐकायला. ह्यांनी स्वतः बोलवलं व्हतं. मला वीस वर्षांत एका कार्यक्रमाला चल म्हणले न्हाईत. मी म्हणलं, मंग तिच्यासाठी पुढं खुर्ची टाकून ठिवा, गादीची.

ह्यांनी रात्रीची भाकर न खाता पिकअप बसवलं. खाचेत असं बसलं जसं तिथंच जलमलं. वायरी जोडल्या, आवाजाची मशीन चालू केली, तार छेडली. काहीच न्हाई. पुन्हा जोडल्या. न्हाई. मीटर लावला तर काटा जागचा हालंना. आतली तार सडून तुटली व्हती, ट्रंकेत पडून पडून हिरवी झाल्ती. घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून झाला. चुलीकडं तोंड करून हासले मी. पण मंग ह्यांच्याकडं बघितलं तर माणूस पार बसलेला. मी म्हणलं, त्यात काय, फोन करा आन् सांगा, वहिनी, तुमचं पिकअप मेलेलं हाय. तर म्हणले, "कसं सांगू? तिच्याजवळ राजानंदचं तेवढंच वाजण्यासारखं राह्यलं व्हतं." आन् डोळ्यात पाणी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई वारली तव्हा हे तेराव्याला पंगतीत वाढत व्हते, डोळ्यात टिपूस नव्हता.

त्या आगीतच मला ती अक्कल सुचली. म्हणलं, हिचं मेलं ना? मंग माझं बोलंल.

माझा भाऊ भागवत, जाफराबादच्या बसस्टँडमागं त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान हाय. विहिरीच्या मोटारी, पंखे, स्टॅबिलायझर, काय म्हणाल ते नवी तार गुंडाळून भरून देतो. हे शेतात गेल्यावर मी त्याच्याकडं गेले, पिशवीत दोन्ही मेलेली पिकअपं घेऊन. म्हणलं, हे भरून दे. त्यानं डोळ्याला भिंग लावून बघितलं आन् हात जोडले. ताई, एवढी बारीक तार माझ्या मशीनवर राहायची न्हाई, तुटून जाईल, माझं मशीन म्हशीच्या ताकदीचं हाय. तार हाय माझ्याकडं, मीटरच्या कॉइलची, पण ती गुंडाळणार कोण?

मी म्हणलं, बॉबिन कोण भरतं रोज?

तो हासला. मंग हासायचा थांबला, कारण त्यालाबी पटलं. शिलाई मशीनवर बॉबिन भरताना चाकाचा मधला नट ढिला करायचा, म्हणजे सुई चालत न्हाई आन् नुसतं चाक फिरतं. त्या चाकावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपानं पिकअप चिकटवायचं, आन् तार बोटातून सोडत सोडत पाय मारायचा. हळू मारलं तर हळू, जल्दी मारलं तर जल्दी. विजेच्या मशीनला पायाइतकी अक्कल नसते. किती भरायची ते भागवतनं सांगितलं, की बुडाकडचं चांगलं पिकअप मीटरवर जो आकडा दाखवतं, त्याच्या आसपास आलं की थांब.

आता दोन पिकअपं व्हती, आमचं आन् तिचं. भागवत म्हणला, हे दुसरं भर, याचे चुंबक जास्त दमदार हायेत. मी म्हणलं, बिलकुल न्हाई. तिच्या नवऱ्याचं मी माझ्या मशीनवर चढवणार न्हाई. आमचंच भरीन. तिचं तसंच रुमालात गुंडाळून मशीनच्या खणात टाकून दिलं.

तार कसली ती, उजेडात धरली तरच दिसायची. पहिल्या दिवशी श्वास जोरात सोडला तरी तुटायची. ब्लाऊज न्यायला आलेल्या बायांना परत पाठवलं, सासूला शिंकू दिलं न्हाई. तुटली की सगळी उलगडायची आन् पहिल्यापासून. सासू दारात बसून म्हणे, अगं, एवढ्या येळात नवी सवत आली असती घरात. पाय मारता मारता मनात सगळं चालू व्हतं. ही तुझ्या अबोलीच्या गजऱ्यासाठी, ही तुझ्या फोनवरच्या हासण्यासाठी, ही त्या रुमालासाठी. एक एक वेढा त्या बाईच्या नावानं घातला. जप केला असता तर देव भेटला असता.

भरून झालं तव्हा मीटरवर आकडा बराबर आला. भागवतनं बाहेरच्या दोन वायरी डाग देऊन जोडून दिल्या, आतली तार हालू नये म्हणून मेणात बुडवून दिलं. हे शेतातून आले तव्हा मी पिकअप ताटलीत ठेवून समोर केलं, जसा काही लाडू. म्हणलं, लावा. कुठून आणलं म्हणले. मी म्हणलं, मशीनवर भरलं. माझ्या. हे एकदा माझ्याकडं, एकदा मशीनकडं बघत राह्यले, आन् लावायला बसले.

छेडलं. बोललं. एकटं माझं पिकअप चालू केलं तर असा गुबगुबीत आवाज निघाला की खुंटीवरची चाळण हालली. ह्यांनी मान हालवली. मंग दोन्ही पिकअपं संगं चालू केली, आन् आवाज मेला. पातळ, पोकळ, ताकात पाणी घातल्यासारखा. एकटं जुनं चांगलं, एकटं माझं चांगलं, दोन्ही जोडली की एकमेकांना खाऊन टाकायची. हे म्हणले, न्हाई जमलं. मला तर गालफडात बसल्यासारखं झालं. म्हणलं, बघा, तुमच्या लाकडालाबी माझी संगत नको. पदर खोचला आन् भांडी आपटायला निघून गेले.

पण भांडी आपटता आपटता डोक्यात काहीतरी सरकलं. शेतातल्या बाईला म्हाईत असतं, लाइट गेली आन् परत आली, किंवा डीपीवर कोणी वायरी काढून जोडल्या, की कधी कधी विहिरीची मोटार उलटी फिरते. गुरगुर करते, पण पाणी चढवत न्हाई. मंग काय करायचं? स्टार्टरपाशी दोन वायरींची अदलाबदल करायची. माझं चाक त्या जपान्याच्या कारखान्यापेक्षा उलट्या अंगानं फिरलं असंल, म्हणून दोघं एकमेकांच्या विरोधात ओढून राह्यले असतील. मी ओल्या हातानं तशीच आले आन् म्हणलं, माझ्या पिकअपच्या दोन वायरी बदलून बघा.

बदलल्या. आन् मंग जो आवाज निघाला ना, तो मी सांगू शकत न्हाई. खालच्या फरशीतून तळपायात आला. सासू बाजेवर उठून बसली. हे वाजवत राह्यले, डोळे मिटून, आन् थांबले तव्हा मला वाटलं आता काहीतरी बोलतील. वीस वर्षांचं न्हाई तर न्हाई, एक वाक्य तरी. तर म्हणले, "आता वहिनीला काय सांगू?"

माय, त्या येळी पातेलं हातात असतं तर फेकून मारलं असतं. मी म्हणलं, सांगायचं काय, खरं सांगायचं. तिचं मेलेलं व्हतं आन् हे माझ्या बायकोनं भरलं. हे म्हणले, सांगीन. मी म्हणलं, फोनवर न्हाई. राजूरला, माझ्यादेखत, तिच्या तोंडावर. मी येणार हाय अंगारकीला. ह्यांनी खाली मान घालून हाव म्हणलं. शब्दाचे पक्के हायेत, म्हणलं म्हणजे सांगणार.

अंगारकीला मी जरीकाठाची हिरवी नेसले. जीपमधी बेस दोघांच्या मधी उभा धरून राजूरला आलो. देवळाच्या रस्त्याला माणसांना मुंग्यांची कळा, नारळवाले, पेढेवाले, आन् पलीकडच्या मोकळ्या जागेत मांडव. ह्यांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आन् स्टेजच्या मागं गेले. मी वाट बघून राह्यले, त्या झगमगीत साडीची.

आली ती एक जाड चष्म्याची, गुडघ्यावर हात ठेवून चालणारी बाई. साधी सुती साडी, केस निम्मे पांढरे, हातात प्लास्टिकची पिशवी. ह्यांनी लांबून हात केला म्हणून ओळखली. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आन् म्हणली, तुम्ही सुरेखा ना, कल्याण लई सांगतो तुमच्याबद्दल. मी म्हणलं, काय सांगतात? म्हणली, हेच की घर तुम्ही धरून ठेवलं म्हणून त्याला वाजवता येतं. मला विश्वास बसला न्हाई. आन् बसला तेवढा अजून जळले, की हे तिला सांगतात, मला कामून न्हाई? आवाज मात्र तिचा अजून तसाच व्हता. साधं 'सरका जरा' म्हणली तरी वळून बघावं असा.

कार्यक्रम सुरू झाला. गणपतीचं गाणं, मंग गवळण, मंग भुजंगरावांचा कीबोर्ड सुटला. ढोलकी, ऑक्टोपॅड, गाणारी पोरगी, सगळं एकमेकांवर आदळून राह्यलं. मी कान टवकारून ऐकत व्हते, माझं पिकअप कुठं हाय म्हणून. सापडंना. एवढं वेढे वेढे करून भरलं, आन् मला माझंच ऐकू येईना. स्टेजवर ह्यांची बोटं हालताना दिसायची, पण त्या गोंगाटात त्यांचं कोणतं, काही कळंना. डोळ्यात पाणी आलं माझ्या. म्हणलं, खरंच न्हाई कळायचं मला.

मीनानं बघितलं असंल. काही न विचारता तिनं माझं मनगट धरलं आन् त्याच्यावर दोन बोटांनी ठोका द्यायला लागली. गाण्याच्या ठोक्यावर न्हाई, त्याच्या खालून, भलत्याच चालीनं. "हा," ती कानाशी म्हणली. "इथं गेला. आता खाली उतरला. हा बघा, थांबला. आता येईल."

आन् आला. तिच्या बोटाबरोबर आला. सगळ्या गोंधळाच्या तळाशी एक माणूस चालत व्हता, सावकाश, कोणालाबी न ढकलता, आन् वरचे सगळे त्याच्याच जिवावर नाचून राह्यले. एकदा सापडला तो मंग सुटंना. तिनं बोटं काढून घेतली तरी मला ऐकू येतच राह्यलं. वीस वर्षं ज्याच्या अंथरुणाशेजारी निजले, तो माणूस त्या दिवशी मला ऐकू आला, आन् तोबी कोणामुळं, तर तिच्यामुळं. इतकं बरं आन् इतकं वाईट मला एकाच येळी कधी वाटलं नव्हतं. तिचे हात धरावेत का तिचा चष्मा फोडावा, कळंना.

तिच्याकडं वळले तर ती रडत व्हती. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला आन् पदर तोंडाला लावलेला. म्हणली, तीन वर्षं घरात टीव्हीसुदा मोठ्यानं लावला न्हाई मी, की त्याचा आवाज कानातून पुसला जाईल. मला वाटलं व्हतं, ट्रंकेत पडून पिकअपचं काही राह्यलं नसंल, कल्याणला द्यायची सुदा लाज वाटत व्हती. "पण हा राजानंदच हाय, सुरेखाबाई. तुम्ही तर रोज घरी ऐकत असाल. हा त्याचाच आवाज हाय ना?"

आता बघा. हाच घास मी इतक्या दिवसांपासून चावायला निघाले व्हते. जिभेवर आणून ठेवलेला. तुमचं मेलेलं हाय बाई, माझ्या मशीनच्या खणात पडलंय, हे जे वाजून राह्यलं ते मी भरलंय. ह्यांनी हात राजानंदकडून घेतला म्हणून चाल त्याची असंल, पण तार माझी हाय. एवढं म्हणायचं व्हतं. तिचं तोंड समोर व्हतं, ओलं, लहान पोरासारखं उघडं.

"हाव," मी म्हणलं. "त्यांचाच हाय."

जीभ जळली माझी म्हणताना, खरं सांगते.

कार्यक्रम सुटला आन् हे बेस गळ्यातच घेऊन खाली आले. मीनानं ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला, दोन्ही हातांची बोटं मोडली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. घामानं डबडबलेले, आन् तोंडावर ते ओझं, दिलेल्या शब्दाचं. घसा साफ केला. म्हणले, "वहिनी, त्या पिकअपचं एक सांगायचं राह्यलं व्हतं."

मी मधी पडले. म्हणलं, "काय सांगायचं त्यात? तुमचं पिकअप बसवायला लई तरास झाला, येवढंच सांगून राह्यले ते. एकदा बसलं आन् मंग बराबर बसलं."

हे माझ्याकडं बघत राह्यले. दोन्ही डोळ्यांनी. मंग दात दिसतील असे हासले, त्या फोटोत हासले व्हते तसे, आन् मीनाला वाटलं ते तिच्यासाठीच हासले. वाटू दिलं मी.

तुम्ही म्हणाल, सुरेखाला दया आली. दया-बिया काही न्हाई. राजानंद त्या दोघांचा, जुनी गाणी त्या दोघांची, ते फोनवरचं हासणंबी त्या दोघांचं असू द्या. पण आता ह्यांच्याजवळ आन् माझ्याजवळ एक गोष्ट हाय जी तिला म्हाईत न्हाई आन् मरेपर्यंत कळू देणार न्हाई. सांगितली असती तर त्या गोष्टीत तिचा वाटा पडला असता. मी माझ्यातलं कोणाला वाटून देत न्हाई.